आगळाच्या बाटलीमागची चार बोटं जागा

कुडाळात माझं छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणपतीतल्या भजनांची निमंत्रणं, आणि गेली काही वर्षं सगळ्यात जास्त म्हणजे लेबलं. कोकम सरबत, काजू, आंबापोळी, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला. घरटी एक उद्योग निघालाय की काय असं वाटावं इतकी. त्यामुळे माल विकणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला त्याच्या गिऱ्हाइकाआधी कळतं, आणि तो कुठे फसणार तेही बऱ्याचदा कळतं. सुरुवातीला कळत नव्हतं. तेव्हाचीच ही गोष्ट.

नात्याने मामी लागणाऱ्या एका बाईंनी आगळ विकायला काढलं. घरचे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, घरचीच मेहनत. लेबलावर माड, होडी, मावळता सूर्य आणि खाली ‘अस्सल मालवणी कोकम आगळ, शंभर टक्के नैसर्गिक’. डिझाइन माझंच, आणि मला ते फार आवडलंही होतं. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने ऑनलाइन बाटली मागवली. त्याने ग्लासभर थंड पाणी घेतलं, त्यात चार चमचे आगळ, दोन चमचे साखर घातली, ढवळून प्यायला आणि एक तारा देऊन लिहिलं: ‘सरबत खारट लागतंय. माल खराब झालेला दिसतो.’

मामी भडकली. “आगळात साखर कोण घालता? खुळो मगे तो!”

खुळा तो नव्हता. आगळ म्हणजे रातांब्याला मीठ लावून काढलेला रस, सोलकढीसाठी. सरबताचं कोकम साखरेत मुरवलेलं असतं. हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत. पुण्यातल्या माणसासमोर मात्र लाल रंगाची बाटली होती आणि तिच्यावर कोकम लिहिलं होतं. त्याने सरबत केलं यात नवल काय? बाटलीच्या मागच्या बाजूला चार बोटं जागा रिकामी होती. दुसऱ्या छपाईत तिथे लिहिलं: ‘हे सरबत नाही. यात मीठ आहे. दोन वाट्या नारळाच्या दुधात तीन-चार चमचे आगळ, वाटलेली लसूण-मिरची, वरून कोथिंबीर. मीठ घालण्याआधी चव बघा.’ खारट असल्याची तक्रार त्यानंतर आली नाही.

मार्केटिंगच्या चुका म्हणून जे काही सांगितलं जातं त्यातलं निम्मं त्या चार बोटांत मावतं. आपल्याला जे पाठ असतं ते गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं, आणि ते सांगायचं असतं हे आपल्याला सुचतच नाही.

दुकानात येणारा माणूस मार्केटिंग म्हणतो तेव्हा त्याच्या मनात जाहिरात असते. बोर्ड मोठा कर, अक्षरं लाल कर, फेसबुकवर काहीतरी टाक. जाहिरात हा त्यातला एक तुकडा झाला. गिऱ्हाइकाच्या बाजूने बघितलं तर चार टप्पे दिसतात. तुम्ही आहात हे त्याला कळतं, तुमचा माल आपल्या कामाचा आहे हे पटतं, तो पैसे देतो, आणि मग पुन्हा येतो किंवा येत नाही. सुपारीच्या बागेत पाटाने पाणी सोडलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच समजेल. शेवटच्या आळ्यात पाणी पोचत नसेल तर जाणता माणूस पाटाच्या कडेने चालत जातो आणि कुर्लीने, म्हणजे खेकड्याने, कुठे भोक पाडलंय ते शोधतो. ते न करता तोंडाशी आणखी पाणी सोडलं तर तेही त्याच भोकातून जातं. फेसबुकवर हजार-दोन हजारांचं बूस्ट मारणं, म्हणजे पैसे भरून आपली पोस्ट जास्त लोकांना दाखवणं, हे तोंडाशी पाणी सोडणं झालं. मामीकडचं भोक शेवटच्या टप्प्यावर होतं. बाटली विकली जात होती, माणूस परत येत नव्हता. तेव्हा जाहिरात वाढवली असती तर खारट सरबत पिणारे तेवढे वाढले असते.

बूस्ट वाईट असतं असं नाही. पण ते मारताना जाहिरात कुठल्या शहरातल्या, कुठल्या वयाच्या लोकांना दाखवायची ते निवडता येतं, आणि तो रकाना बरेच जण बघतही नाहीत. मग होमस्टेच्या फोटोला दोनशे लाईक येतात, ते सगळे आपल्याच वाडीतले आणि पाहुण्यांतले. त्यातला एकही माणूस तुमची खोली घेणार नाही. त्याचं घर समोरच आहे.

आता ‘अस्सल’ या शब्दाकडे येतो. माझ्याकडच्या दहा लेबलांतल्या नऊ लेबलांवर ‘अस्सल’, ‘घरगुती’ आणि ‘मालवणी’ यातले निदान दोन शब्द असतात. महामार्गावरच्या कुठल्याही कोकणी मेव्याच्या दुकानात फळीवर बघा, पंधरा पाकिटं एकमेकांची सख्खी भावंडं वाटतात. सगळेच अस्सल असले की तो शब्द वाचलाच जात नाही. गिऱ्हाईक मग एकच गोष्ट वाचतं, ती म्हणजे किंमत, आणि सगळ्यात स्वस्त पाकीट उचलतं.

काजूचं बघा. आपल्या देशात कच्चा काजू आफ्रिकेतून मोठ्या प्रमाणावर येतो, इथे फोडला जातो आणि काजूगर म्हणून विकला जातो. तोही खायला काही वाईट नसतो. पण तुमचा माल वेंगुर्ल्याच्या आसपासच्या डोंगरावरचा असेल, महाग असेल, आणि पाकिटावर नुसतंच ‘काजू एक नंबर’ असेल, तर गिऱ्हाइकाने जास्त पैसे कशासाठी मोजायचे? सांगण्यासारखं पुष्कळ असतं. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जाती आज कोकणभर लागलेल्या आहेत. वेंगुर्ला काजूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, म्हणजे हा माल त्याच भागातला अशी सरकारी ओळख. आणि ग्रेड. डब्ल्यू १८०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० हे आकडे व्यापाऱ्यांच्या तोंडी असतात, पण त्यांचा अर्थ गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, अख्खे गर किती बसतात तो हा आकडा. आकडा लहान तेवढा गर मोठा. एवढी एक ओळ पाकिटावर आली की दोन पाकिटांच्या भावात फरक का आहे ते दुकानात कोणी न सांगताही कळतं. एकाने माझ्याकडून ही ओळ छापून घेतली. शेजारच्या दुकानदाराने त्याला विचारलं म्हणे, “गिऱ्हाइकाक शाणा करून तुका काय गावता?” गावलं ते असं की भावावरून घासाघीस कमी झाली.

मानांकनावरून आठवलं. हापूसला ते २०१८ मध्ये मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. आपली बाग त्या जिल्ह्यात आहे म्हणजे पेटीवर ते चिन्ह छापायचा हक्क आपोआप मिळाला, असं समजून कितीतरी बागायतदार माझ्याकडे येतात. तसं नसतं. अधिकृत वापरकर्ता म्हणून आपल्या नावाची नोंदणी करावी लागते. ती असेल तरच मी छापतो. आणि ज्यांची नोंदणी आहे त्यांच्यातले निम्मे ते चिन्ह पेटीच्या तळाशी बारीक छापायला सांगतात. यावर काय बोलायचं!

किंमत लपवण्याची सवय मला कधीच समजली नाही. फोटो सुंदर, खाली ‘दरासाठी फोन करा’. विचारलं तर म्हणतात शेजाऱ्याला दर कळेल. शेजाऱ्याला तो केव्हाच माहीत असतो. मुंबईत लोकलमध्ये उभ्या उभ्या तुमची पोस्ट बघणारा माणूस मात्र फोन करत नाही, पुढे सरकतो.

सवलतीचा भाग जरा सावकाश समजून घेण्यासारखा आहे, कारण इथे पैसा गुपचूप जातो. समजा सरबताची बाटली १६० रुपयांना विकली. साखर, बाटली, झाकण, लेबल, गॅस, मजुरी सगळं धरून ती १२० ला पडते. सुटतात ४०. महिन्याला शंभर बाटल्या गेल्या तर ४,००० रुपये. आता खप वाढावा म्हणून ‘१० टक्के सूट’ लावली. बाटली १४४ ला गेली, सुटले २४. तेच ४,००० मिळवायला आता १६७ बाटल्या विकाव्या लागतील. किंमत दहा टक्के कमी केली आणि काम सदुसष्ट टक्के वाढलं. गिऱ्हाइकाला वाटतं सोळाच रुपये सोडले. ते सोळा रुपये तुमच्या चाळिसातून गेले, एकशे साठातून नाही, हे लक्षात यायला महिनाअखेर व्हावी लागते.

त्यापेक्षा बाटलीसोबत आमसुलाची किंवा तिरफळाची दहा रुपये पडणारी पुडी द्या. मग प्रत्येक बाटलीमागे तीस सुटतात आणि १३४ बाटल्यांत हिशेब जुळतो. शिवाय पुडीतलं तिरफळ आवडलं तर पुढच्या खेपेला ते विकत मागतात. सूट एकदा दिली की तोच दर होऊन बसतो. आणि वरच्या हिशेबात मजुरी धरली आहे, तीही बऱ्याच घरांत धरत नाहीत. “घरचीच माणसं, त्यांचो काय खर्च?” असं म्हणत बाटली नव्वदला पडते असं समजतात आणि ११० ला विकतात. सून चार वाजता उठून रातांबे फोडते, तिचं नाव हिशेबाच्या वहीत कुठेच नसतं.

होमस्टेवाल्यांची दुखणी वेगळी. त्यात पहिलं म्हणजे नकाशा. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने खाडीकाठी तीन खोल्या बांधल्या, स्वच्छ, माडाच्या सावलीत. गूगलवर धंद्याची नोंद फुकट करता येते, तीही केली. ती करताना पिन जरा सरकली आणि खाडीच्या पलीकडच्या काठावर जाऊन बसली. सहा महिने कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण दिवसा येणारे पाहुणे फोन करून विचारत येत. मग एका शनिवारी रात्री दहाला ठाण्याचं एक कुटुंब, पाठीमागे झोपलेली दोन मुलं, पलीकडच्या जेटीवर येऊन थांबलं. होमस्टेच्या ओट्यावरचा दिवा त्यांना पाण्यापलीकडे दिसत होता. फेरीबोट बंद झालेली. पुलावरून वळसा घालून यायला सव्वा तास लागला. जेवणात सुरमई होती, सकाळी घावणे होते, खोली नीट होती, आणि तरी त्यांनी नंतर फक्त त्या सव्वा तासाबद्दल लिहिलं. त्यावर मालकाने उत्तर दिलं की ‘बाकीच्या लोकांना बरोबर सापडतं’. हे उत्तर त्या तक्रारीपेक्षा जास्त नुकसान करून गेलं. अशी उत्तरं तक्रार करणारा वाचत नाही, पुढे येऊ पाहणारा वाचतो. पिन सरकवायला दोन मिनिटं लागली. आता ते प्रत्येक पाहुण्याला आदल्या दिवशी शेवटच्या वळणाचा, पिंपळाच्या पाराचा फोटो पाठवतात.

दुसरं दुखणं बुकिंगच्या ॲपचं. कमिशन घेतात म्हणून त्यांना शिव्या घालायची पद्धत आहे. अडीच हजारांच्या खोलीवर वीस टक्के धरले तर पाचशे जातात, हे खरं. पण नागपूरचा अनोळखी माणूस तारकर्लीतल्या तुमच्या खोलीपर्यंत पहिल्यांदा पोचला तो त्या ॲपमुळेच. पहिल्या खेपेचे पाचशे मला महाग वाटत नाहीत. तोच माणूस तिसऱ्या वर्षीही ॲपवरूनच आला तर ते पाचशे तुमच्या आळसाचे. पाहुण्यांच्या रजिस्टरात नाव-नंबर लिहिलेला असतो, पण ते रजिस्टर पोलीस मागतील म्हणून ठेवायचं एवढंच आपल्याला माहीत. ‘पुढच्या वेळी थेट फोन करा, खोली राखून ठेवतो, आणि चालत असेल तर वर्षातून दोनदा मेसेज करेन’ हे निघताना तोंडाने सांगायला काहीच पडत नाही.

व्हॉट्सॲपची एक गंमत बऱ्याच जणांना ठाऊक नसते. ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर घालता येतात, पण मेसेज पोचतो फक्त त्यांनाच, ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे. ‘दोनशे जणांना टाकला, एकाचंही उत्तर नाही, लोकांना रसच उरला नाही’ असं वैतागून सांगणाऱ्याचा मेसेज बहुधा वीस जणांनाही पोचलेला नसतो. यावर उपाय म्हणून काही जण सगळ्यांना न विचारता ग्रुपात ओढतात आणि रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवतात. आठवड्यात ग्रुप ओस. त्यापेक्षा पाहुणा असतानाच ‘माझा नंबर सेव्ह करा, परतीच्या वाटेवर चांगलं जेवण कुठे मिळेल ते पाठवतो’ म्हणावं आणि खरंच पाठवावं.

हापूसवाल्यांची चूक वेळेची. मार्चच्या अखेरीस आढी लागली, पेट्या भरल्या, आणि आता गिऱ्हाईक शोधायला निघाले. तोवर वाशीच्या घाऊक बाजारात माल पाठवण्याखेरीज हातात काही उरत नाही, आणि मग दलालाची पट्टी येईल तो भाव. घरपोच पेट्या नीट विकणारे बागायतदार मोहराच्या वेळीच जुन्या गिऱ्हाइकांना कळवतात. यंदा मोहर कसा आहे, थंडी पडली की नाही, पहिला तोडा साधारण केव्हा, किती पेट्या धरू. मोहर गळाला तर तेही कळवतात. बाग डोळ्यांसमोर असली की उशीर झाला तरी माणूस थांबतो.

आंब्याच्या पेटीलाही मागची चार बोटं असतात बरं का. कुरिअरने आंबे मागवणाऱ्याच्या मनात तीन शंका असतात: हे खरंच देवगडचे का, कच्चे आले तर काय करू, आतून खराब निघाले तर पैसे जाणार का? पहिल्या शंकेसाठी नोंदणी आणि चिन्ह आहे. दुसरीसाठी एक चिठ्ठी पुरते: आल्या आल्या पेटी उघडा, हवेशीर जागी गवतात एका थरात मांडा, फ्रिजमध्ये घालू नका, वास सुटला आणि देठाकडे मऊ लागला की खा. वरच्या सालीला जराशा सुरकुत्या पडल्या तर टाकू नका, तेव्हाच तो गोड लागतो. ही शेवटची ओळ छापायच्या आधी लोक सगळ्यात उत्तम फळ खराब समजून कचऱ्यात टाकत आणि वर फोनवर भांडत. तिसरी शंका साक्याची, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा निघण्याची. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो, हे बागायतदाराला माहीत असतं आणि म्हणून तो त्याबद्दल बोलायलाच घाबरतो. माझ्या माहितीतला एक जण चिठ्ठीवर सरळ लिहितो: ‘साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढ्या आंब्यांचे पैसे परत.’ बाकीच्यांनी त्याला वेड्यात काढलं. डझनावारी फोटो येतील म्हणून तोही घाबरला होता. तुरळक आले, आणि ज्यांना पैसे परत केले तेच पुढच्या वर्षी आपल्या साहेबांसाठीही पेट्या सांगायला लागले.

खाद्यपदार्थांच्या पाकिटावर अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर, घटक, वजन, तारीख, किंमत हे कायद्यानेच लागतं, त्यावर वेगळं बोलत नाही. एवढंच की लोक ते ‘बारीक छाप, कोण बघतंय’ म्हणतात, आणि मुंबईतल्या दुकानदाराने माल परत पाठवला की धावत येतात.

आपलं गिऱ्हाईक कुठून येतं हे मोजायला संगणक लागत नाही. फोन आला की विचारायचं, आमचं कुठून कळलं? वहीत चार रकाने: बोर्ड, गूगल, ओळखीतून, इतर. एका खानावळवाल्याने हे दिवाळीच्या सुट्टीत केलं. हायवेवरच्या ज्या बोर्डाचं तो वर्षाला भाडं भरत होता त्याच्या रकान्यात मोजून तीन रेघा निघाल्या. ओळखीच्या रकान्याला पान पुरलं नाही, कारण स्टँडवरचे रिक्षावाले माणसं आणून सोडत होते. त्याने बोर्ड काढला आणि रिक्षावाल्यांचा चहा चालू केला. बोर्ड मीच रंगवून दिला होता, त्यामुळे माझं गिऱ्हाईक गेलं, पण हिशेब त्याचा बरोबर होता.

गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतात ना, ते परतताना प्रत्येकाच्या बॅगेत कुळथाचं पीठ, खाजा, आमसुलं, मसाला असतो. डोंबिवलीला, विरारला पोचल्यावर त्यातलं थोडं शेजारी वाटलं जातं. एवढी माणसं आपला माल स्वतःच्या तिकिटावर कोकण रेल्वेने मुंबईत घरोघरी पोचवतात. गेल्या गणपतीनंतर माझ्या बहिणीने डोंबिवलीहून फोन केला. तिच्या शेजारणीला कुळथाची पिठी फार आवडली होती, दोन किलो हवी होती. बहीण म्हणाली, पिशवी शोधून नंबर देते. पिशवी सापडली. साधी पारदर्शक प्लास्टिकची, गाठ मारलेली, तिच्यावर एक अक्षर नाही. बाजारात तीन ठिकाणी पीठ घेतलं होतं, त्यातलं ते कुठलं हे तिला आठवेना.

नाव आणि फोन नंबराचा रबरी शिक्का मी एका दिवसात करून देतो. पिशवीवर शाई पुसली जाते, म्हणून कागदाच्या चिठ्ठीवर मारायचा आणि ती पिशवीच्या गाठीत अडकवायची. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात माझ्याकडे आरतीच्या पुस्तकांची गर्दी असते, तेव्हा त्याआधी या.